विश्लेषण : वाडीवरच्या शाळेचा पट २० च्या आत गेला की काय होते?

भाईंदर पूर्वेच्या गोडदेवमध्ये आज गाव शोधावे लागते. नाक्यावरची रिक्षांची रांग, चाळी, सात मजली इमारती आणि मध्येच उरलेले गावठाण. इथल्या इमारतींत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे ‘गाव’ मात्र दुसरीकडेच असते. कोणाचे रत्नागिरीत, कोणाचे साताऱ्यात, कोणाचे रायगडात. गणपतीला किंवा मे महिन्यात तिकडे गेल्यावर हल्ली एक बातमी हमखास कानावर पडते : आपली शाळा बंद होणार म्हणे. पोरेच नाहीत.

पोरे नाहीत हे खरे. कारण ती गोडदेवमध्ये, नवघरमध्ये, मीरा रोडला आहेत. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजार ३८८ होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार ३७८ झाली. शहराची ही वाढ आणि वाडीवरच्या शाळेतील रिकामे बाक ही एकाच स्थलांतराची दोन टोके आहेत. पण गावात राहिलेल्या आठ-दहा मुलांचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांबाबत गेल्या काही वर्षांत जे निर्णय झाले, त्यांचा अर्थ समजून घ्यायचा तर आधी एक साधी गोष्ट पाहावी लागते.

गावची शाळा नेमकी कोणाची?

बोलण्यात आपण ‘गावची शाळा’ म्हणतो. कागदावर ती जिल्हा परिषदेची असते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून ग्रामीण भागातील बहुतेक प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आहेत. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक), तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्याखाली विस्तार अधिकारी आणि साधारण दहा-बारा शाळांच्या गटाला, म्हणजे केंद्राला, एक केंद्रप्रमुख अशी ही उतरंड आहे. वाडीवरच्या गुरुजींचा रोजचा संबंध येतो तो केंद्राशी. बैठक केंद्रात, प्रशिक्षण केंद्रात, माहिती भरून द्यायची तीही केंद्रात.

पैसा आणि पदे मात्र राज्य सरकारच्या हाती असतात. शिक्षकांचा पगार राज्य देते. कोणत्या शाळेत किती शिक्षक असावेत हे दरवर्षी ‘संचमान्यते’त ठरते आणि तिचे निकषही राज्यच ठरवते. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणे, कारभारावर लक्ष ठेवणे ही कामे तिच्याकडे आहेत. शिक्षक किती, हे ठरवणे तिच्याकडे नाही. शाळा चालू ठेवण्याचा निर्णय आणि शाळेला शिक्षक देण्याचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि सध्याचा सगळा वाद या दोहोंच्या मधल्या फटीत आहे.

२० हा आकडा आला कुठून?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि राज्याचे नियम २०११ मध्ये आले. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे त्यात ठरले. प्राथमिक शाळा उघडण्यासाठी त्या परिसरात सहा ते अकरा वयाची किमान २० मुले असावीत, असेही नियमात आहे.

म्हणजे २० हा आकडा मुळात नवी शाळा कुठे द्यायची याचा निकष होता. आहे ती शाळा ठेवायची की नाही, याचा नव्हे. कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकांचे जे कोष्टक आहे, त्यात तर २० चा उल्लेखही नाही. पहिली ते पाचवीसाठी ते सरळ सांगते : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. पट सात असो की सत्तावन्न, शिक्षक दोन. सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींसाठी प्रत्येकी किमान एक.

दोन शिक्षकांमागचा विचार कोणत्याही गुरुजींना विचारा, ते लगेच सांगतील. पाच इयत्ता, पाच पाठ्यपुस्तके. एकाने पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरे गिरवायला बसवायचे आणि दुसऱ्याने तिसरी ते पाचवी सांभाळायची, हे जमते. एकट्याला ते जमत नाही असे नाही. पण तो एकटा केंद्राच्या बैठकीला गेला, आजारी पडला किंवा निवडणुकीच्या कामाला लागला की त्या दिवशी शाळेला कुलूप.

अशा शाळा आहेत तरी किती?

हा विषय २०२३ मध्ये ऐरणीवर आला, तेव्हा समोर आलेल्या सरकारी आकडेवारीनुसार राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा होत्या. त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी आणि २९ हजार ७०७ शिक्षक. सरासरी काढली तर शाळेमागे साडेबारा मुले आणि शिक्षकामागे सहा. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांचा वाटा त्यात मोठा होता. नकाशा पाहिला तर कारण कळते. एकेका गावाच्या पाच-सात वाड्या, मध्ये डोंगर किंवा वहाळ, आणि प्रत्येक वाडीचा कर्ता माणूस मुंबई-ठाण्याला. यातल्या बऱ्याच शाळा ‘वस्तीशाळा’ म्हणून सुरू झाल्या होत्या, वाडीवरचे लहान मूल चालून दमू नये म्हणून.

जन्मदर घटतो आहे, हेही विसरता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ होता. म्हणजे उद्या एकही कुटुंब गाव सोडून गेले नाही, तरी पट पूर्वीसारखा भरणार नाही. काही शाळा बंद होणे अटळ आहे. ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ ही घोषणा सभेत टाळ्या मिळवते. ती खरी करून दाखवणे कोणालाच शक्य नाही.

‘समूह शाळा’ की ‘शाळा संकुल’?

हे दोन शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांत फरक आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान शाळांच्या प्रश्नावर एक प्रकरणच खर्च केले आहे. २०१६-१७ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत ३० पेक्षा कमी मुले होती, असे त्यात म्हटले आहे. धोरणाने सुचवलेला मुख्य मार्ग म्हणजे शाळा संकुल : एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातील बाकीच्या शाळा मिळून एक गट. संगीताचा, खेळाचा, कलेचा शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे सगळे गटात वाटून घ्यायचे. कल्पना नवी नाही, ती १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची आहे. यात वाडीवरची शाळा जागेवर राहते. अर्थात त्याच धोरणात शाळांचे ‘गट करणे किंवा सुसूत्रीकरण करणे’ अशीही शब्दरचना आहे, आणि सरकारे सोयीने तेवढीच वाचतात.

समूह शाळेत वाडीवरची शाळा जागेवर राहत नाही. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांची मिळून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून १५ ऑक्टोबरपर्यंत मागवले. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही दोन नावे पुढे ठेवली गेली. पानशेतमध्ये आसपासच्या वाड्यांवरची मुले बसने एका सुसज्ज शाळेत आणली जातात. तोरणमाळला निवासी शाळा आहे. दोन्ही प्रयोगांत मुलांना पूर्वी नव्हते असे बरेच काही मिळाले, हे मान्य करायला हवे. पण पानशेतची खरी गुरुकिल्ली इमारत नव्हे, बस आहे. चालक, डिझेल, दुरुस्ती, पावसाळ्यात खचणारा रस्ता हा दरवर्षीचा खर्च आहे आणि तो कोण देणार, हे आधी ठरले नाही तर बस बंद पडते आणि तिच्याबरोबर मुलांची शाळाही. समग्र शिक्षा योजनेत वाहतुकीसाठी मुलामागे वर्षाला कमाल ६ हजार रुपये धरले जातात. महिन्याला पाचशे. घाटातल्या वाडीवर जीप लावायची तर हे पैसे पुरत नाहीत.

समूह शाळांच्या प्रस्तावावर तेव्हा मोठी ओरड झाली. ‘शाळा बंद करणार नाही’ असे खुलासे सरकारकडून आले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय झाला होता, तेव्हाही असाच विरोध झाला होता. शाळा बंद करण्याचा आदेश राजकीयदृष्ट्या महाग पडतो, हा धडा दोन्ही वेळा मिळाला.

मग संचमान्यतेवरून वाद कशासाठी?

कारण शाळा बंद न करताही बंद पाडता येते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. २० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला एक नियमित शिक्षक आणि दुसरा गरजेनुसार निवृत्त शिक्षकांतून, असे सूत्र आले. सहावी ते आठवीच्या वर्गांत पट २० च्या खाली गेला तर तिथे नियमित पदच मंजूर होणार नाही, अशी अवस्था आली. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या जागेवर कंत्राटी डीएड-बीएड उमेदवार घेण्याचा निर्णय झाला. मानधन महिना १५ हजार. त्याविरोधात २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. कंत्राटी नेमणुकीचा निर्णय पुढे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, मागे घेण्यात आला.

परिशिष्टातले ‘६० पर्यंत दोन’ आणि संचमान्यतेतले ‘२० पर्यंत एक’ शेजारी ठेवून वाचा. सरकारचे म्हणणे असे की दुसरा माणूस दिलेलाच आहे, फक्त तो नियमित नाही. शिक्षक संघटनांचे म्हणणे असे की कायद्यातला शिक्षक म्हणजे नियमित, पात्र शिक्षक. संघटनांच्या आंदोलनात स्वतःच्या पदांचा, बदल्यांचा स्वार्थ आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या मुद्द्यावर त्यांचे वाचन कायद्याच्या जास्त जवळ जाते.

आता वाडीवर काय घडते ते पाहा. पट २२ वरून १९ झाला. एक गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळेत गेले. उरलेल्या एकट्यावर पाच इयत्ता, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, बैठका. ज्या पालकांना परवडते ते म्हणतात, एका गुरुजीत काय शिकणार? ती मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतात. पट १९ वरून ११ होतो. ज्यांना परवडत नाही त्यांची मुले मागे राहतात. बहुधा आदिवासी, शेतमजूर, आणि घरात भाऊ इंग्रजीला गेलेली मुलगी. मग अधिकारी येऊन विचारतात, ११ मुलांसाठी शाळा कशाला? पट घटला म्हणून शिक्षक काढला, आणि शिक्षक काढला म्हणून पट घटला. यातले पहिले वाक्य कागदावर येते, दुसरे येत नाही.

पट मोजण्याची पद्धतही दुर्गम भागाच्या बाजूची नाही. संचमान्यता साधारण ३० सप्टेंबरच्या पटावर होते आणि त्यात आधार प्रमाणित झालेली मुले धरली जातात. ज्याचे आधार नाही किंवा ज्याच्या आधारवरचे नाव शाळेतल्या नावाशी जुळत नाही, ते मूल रोज वर्गात बसते, खिचडी खाते, पाढे म्हणते. पदे मोजताना ते नसते. ठाणे जिल्हा परिषदेकडे आता शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांचा ग्रामीण भाग आहे. शहापूर-मुरबाडच्या कातकरी पाड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९ आणि २१ यातले अंतर अशा ठिकाणी दोन मुलांचे नसते, दोन कागदांचे असते.

अगदी लहान शाळेत शिकणे मुलांच्या हिताचे आहे का?

नेहमीच नाही. वाशिम जिल्ह्यातील गणेशपूरच्या शाळेत २०२३ मध्ये एकच विद्यार्थी होता आणि त्याला शिकवायला शिक्षक रोज येत, ही बातमी देशभर कौतुकाने दाखवली गेली. शिक्षकाचे कौतुक योग्यच. पण त्या मुलाला डबा खाताना शेजारी कोणी नाही, कबड्डी नाही, वर्गात उत्तर चुकले तर हसायला कोणी नाही आणि बरोबर आले तर हेवा करायलाही नाही. तीन-चार मुलांच्या शाळेबद्दल सामावून घेण्याचा विचार करणे हा काही गुन्हा नव्हे.

पण तीन मुलांची शाळा आणि अठरा मुलांची शाळा या एकाच खान्यात टाकण्याच्या गोष्टी नाहीत. अठरा मुलांत दोन चांगले शिक्षक असतील तर वर्ग चांगला चालतो, हे अनेक गुरुजी रोज दाखवत असतात. शिवाय दुसरी शाळा किती दूर आहे आणि वाटेत काय आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे. सरकारी अंतर नकाशावर मोजले जाते. जुलैमधल्या ओढ्याला नकाशा माहीत नसतो. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची शाळा २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथली मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ असे त्यांचे म्हणणे होते. धरणाच्या पुनर्वसनामुळे शाळा दुसरीकडे गेली, मुले मात्र जुन्याच जागी राहिली होती.

सहावी ते आठवीचा प्रश्न याहून नाजूक. पाचवीनंतर रोज तीन-चार किलोमीटर जायचे म्हटले की मुलाला सायकल मिळते आणि मुलीला घरकाम, हे खेड्यात कोणाला सांगावे लागत नाही.

घटलेला पट पुन्हा वाढतो का?

वाढल्याची उदाहरणे आहेत. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा बंद पडण्याच्या बेतात होती, पट अवघ्या तीन मुलांवर आला होता. शिक्षक दत्तात्रय वारे तिथे रुजू झाल्यावर गावकऱ्यांच्या मदतीने ती पुन्हा उभी राहिली, पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५ मध्ये जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत तिला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. मोठ्या वर्गातील मुलांनी लहानांना शिकवणे हा तिथल्या पद्धतीचा भाग आहे; म्हणजे बहुवर्ग अध्यापनाची अडचण तिथे बळ म्हणून वापरली गेली.

एका शिक्षकाच्या कर्तबगारीवर धोरण उभे करता येत नाही, हे खरे. वाढलेल्या पटातली काही मुले शेजारच्या शाळांतून आलेली असतात, हेही खरे. तरीही यातून एवढे दिसते, की आजचा पट म्हणजे त्या गावातल्या मुलांची संख्या नव्हे. गावात मुले असतात, ती दुसरीकडे जात असतात. शाळा बंद करण्यापूर्वी एकच सर्वेक्षण करायचे तर ते याचे करावे : गावात शाळेच्या वयाची मुले किती आणि त्यातली किती सकाळी व्हॅनने जातात?

इतरत्र काय झाले?

२०२४-२५ च्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार देशात १ लाख ४ हजार १२५ एकशिक्षकी शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ३३ लाख ७६ हजार मुले शिकत होती. महाराष्ट्रातील अशा शाळा ८ हजार १५२. उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा जोडण्याचा आदेश काढला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. एकल पीठाने जुलैमध्ये आव्हान फेटाळले, तर खंडपीठाने नंतर सीतापूर जिल्ह्यापुरता ‘जैसे थे’चा आदेश दिला.

अमेरिकेत शाळा चालवण्याचे एकक म्हणजे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. १९३९-४० मध्ये अशी १ लाख १७ हजारांहून अधिक एकके होती, आज ती १३ हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे खेड्यांतल्या शाळा एकत्र करण्याचे हे काम तिथे आपल्या आधी आणि आपल्याहून मोठ्या प्रमाणावर झाले. भांडणे तिथेही झाली, पिवळ्या बसमध्ये तासतासभर बसणारी मुले तिथेही आहेत. फरक असा की तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टला निवडून आलेले स्वतःचे मंडळ असते आणि शाळेसाठी मालमत्ता कर लावता येतो. आपल्याकडे गावाने वर्गणी काढून शाळेला रंग दिला, टीव्ही आणला, तरी शिक्षक आणता येत नाही.

मीरा-भाईंदरचा यात संबंध कुठे येतो?

१२ जून १९८५ रोजी ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगर परिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका. गावे शहरात आली. तरी याच पालिकेच्या हद्दीत घोडबंदर रस्त्यालगत चेणे, वरसावे येथे जंगलाला लागून आदिवासी पाडे आहेत आणि उत्तन-डोंगरीचा किनाराही आहे. शाळा महापालिकेची झाली म्हणून पाड्यावरच्या मुलाची वाट लहान होत नाही. शहरातल्या मराठी शाळांचा पट वेगळ्या कारणाने घटतो. इथे मुले भरपूर आहेत, पण पालक इंग्रजी माध्यम निवडतात. दोन प्रश्न वेगळे, मोजपट्टी मात्र एकच : पट.

पालकांच्या हातात काय आहे?

थोडे आहे, पण अगदीच काही नाही असे नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा ठराव हा अधिकृत कागद असतो. सामावून घेण्याचा प्रस्ताव आला तर वाटेतले ओढे, महामार्ग, जंगल, पावसाळ्यातली स्थिती त्यात लिहून देता येते. एक किंवा तीन किलोमीटरच्या आत शाळा नसेल तर मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करणे ही नियमानुसार सरकारची जबाबदारी आहे, ती लेखी मागता येते. आणि सप्टेंबरअखेरीच्या आधी प्रत्येक मुलाचे आधार आणि शाळेतले नाव जुळते की नाही, हे तपासून घेता येते. स्पेलिंगची दुरुस्ती करायला तालुक्याला एक फेरी पडते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. काही ठिकाणी ही फेरी गुरुजी स्वतःच्या मोटारसायकलवर मूल बसवून मारतात.